सूतकातलं रिन्यूअल

आधी प्रतिभाताईंचं नाव घेतो, मग बाकीचं सांगतो. त्या मनमाडला रेल्वेच्या कचेरीत कामाला आहेत आणि पंचवटीतल्या विनायकगुरुजींच्या एकुलत्या एक लेक. मी त्यांचा नात्यातला नाही, गावचा नाही. त्यांच्या वडिलांच्या वेबसाइटचं रिन्यूअल बघणारा माणूस, एवढीच माझी ओळख. पण गेल्या भाद्रपदात त्या रजा टाकून धावत आल्या नसत्या, तर आज मी नाशकात असतो की गावाकडे परत धानाच्या बांधीवर, म्हणजे भाताच्या शेतात, हे मला सांगता येत नाही. या अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हटलं, तेव्हाच मी ठरवलं की पहिली ओळ त्यांची.

माझं नाव ताराचंद. गाव गोंदिया जिल्ह्यात, आमगावच्या पुढे. तिथून नाशिक म्हणजे रेल्वेने अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा. शाळा नववीत सुटली. गावच्याच एका माणसाच्या ओळखीने सातपूरला वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून आलो, ते वर्कशॉप बंद पडलं, आणि कॉलेज रोडच्या मागच्या एका वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात शटर उघडायला, पाणी भरायला लागलो. रिन्यूअलचे फोन करणाऱ्या मॅडम एकदा सुट्टीवर गेल्या, तेव्हा आमचे मालक शैलेशभाऊ यांनी फोन माझ्या हातात दिला. गिऱ्हाइकं माझ्यावर खेकसली नाहीत. आमच्याकडे प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'जी' येतो, 'हो जी', 'नाही जी', त्यात अदब वगैरे काही नसते, तोंडाची सवय असते. पण नाशिककरांना वाटलं, किती नम्र माणूस आहे. त्या 'जी'वर मी आजपर्यंत टिकलो.

आता कामाचं सांगतो. वेबसाइट काय असते ते आता सगळ्यांना माहीत आहे, पण ती राहते कुठे हे फार थोड्यांना. ती भाड्याच्या खोलीत राहते. कुठल्यातरी कंपनीचे मोठे कॉम्प्युटर असतात, दूर कुठेतरी, त्यातली थोडी जागा तुम्ही वर्षाच्या बोलीने घेता. तिला होस्टिंग म्हणतात. भाडं चुकलं की आधी दाराला कुलूप लागतं, म्हणजे साइट दिसेनाशी होते. कंपनी आणखी काही दिवस वाट बघते. तरी भरलं नाही, तर घरमालक सामान रस्त्यावर ठेवतो तसं ती ठेवत नाही, जाळून टाकते. मग कितीही भाडं घेऊन जा. मी स्वतः जन्माचा भाडेकरू, मला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

भाडं विसरू नये म्हणून ऑटो रिन्यूअलचं एक बटण असतं. ते चालू असलं की कंपनी दरवर्षी तुमच्या कार्डातून आपलं आपण भाडं घेते. लोक निर्धास्त होतात. पण जे आपोआप व्हायचं ते आपोआप होतंय का, हे बघायचाच मला पगार मिळतो. कार्डाची मुदत संपते. बँक बदलते. रक्कम मोठी असली की बँक मध्येच ओटीपी मागते, आणि तो मेसेज मालकाच्या फोनवर येऊन तसाच पडून राहतो.

सातपूरच्या एका वर्कशॉपवाल्या शेठना हा मेसेज नेमका खंडेनवमीला आला. मोबाइल उचलेनात, म्हणून मी त्यांच्या ऑफिसच्या फोनवर लावला.

"मोबाइल पूजेत मांडलाय," शेठ म्हणाले. "लेथ, ड्रिल, व्हर्नियर, कॉम्प्युटर, मोबाइल, सगळ्याला हळदकुंकू लागलंय. आज हत्याराला हात लावत नसतो आपण."

"शेठ, नुसता नंबर वाचून सांगा जी."

"वाचायला उचलावा लागतो ना भाऊ. तुम्ही उद्या फोन करा, आणि पेढे खायला या."

त्यांची मुदत बाकी होती, म्हणून निभावलं. दसऱ्याला मोबाइल उचलला तेव्हा चार्जिंगच्या भोकात अक्षता गेल्या होत्या, त्या टाचणीने काढायला त्यांना माझ्या साइटच्या कामापेक्षा जास्त वेळ लागला.

सगळेच असे निभावत नाहीत. ओझरला विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका होते. लाकडाची, थर्माकोलची छोटी विमानं करून ते शाळांमधल्या पोरांबरोबर उडवायचे, आणि प्रत्येक विमानाचा फोटो, मापं, ते कोणत्या मैदानावर किती उडालं, असं सगळं साइटवर चढवायचे. त्यांचं कार्ड संपलं, ते परदेशात मुलाकडे गेलेले, नंबर बदललेला. मी घरापर्यंत जाऊन आलो, कुलूप होतं. परत आले तेव्हा कंपनीने सगळं जाळलेलं होतं. ते ऑफिसात आले, शांत बसले, चहा घेतला.

"म्हणजे आता कुठेच नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही जी."

"कुठेच नाही," असं ते स्वतःशी परत म्हणाले, आपला कप स्वतः विसळून ठेवला, आणि गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून पडद्यावर 'डिलीट' शब्द दिसला की मी आधी माउसवरचा हात काढतो. हे सांगायचं कारण, पुढच्या गोष्टीत मी घाबरलेला दिसेन. तो घाबरटपणा तिथून आलेला आहे.

विनायकगुरुजींकडे श्राद्धकर्मं होतात, यजमानकृत्य म्हणतात त्याला. इंदूर, सुरत, हैदराबाद, कुठून कुठून यजमान गोदावरीवर येतात. साइटवर ते आपलं नाव, गोत्र, कुणाचं श्राद्ध, कोणती तिथी, कधी पोचणार हे सगळं भरतात. पितृपक्षाचं बुकिंग श्रावणापासून जमायला लागतं. साइटची पानं आमच्या ऑफिसात जपलेली असतात, पण यजमानांनी भरलेली माहिती रोज वाढते, ती तिथे त्या भाड्याच्या खोलीतच. फॉर्म नीट चालतोय का हे तपासताना मी त्यातलं थोडं वाचलं होतं. एका बाईंनी 'मृताशी नाते' या जागी लिहिलं होतं, 'शेजारी'. त्याखाली, 'त्यांना कोणी नव्हते, मी केले तर चालेल का?' आणि गुरुजींचं उत्तर, 'चालेल. या.' ते वाचल्यापासून ही साइट मला इतर साइटींसारखी वाटत नव्हती.

गणपतीचे दिवस होते. सकाळी मी ऑफिसात नेहमीप्रमाणे कुणाची मुदत कधी ते बघत होतो, तर गुरुजींची साइट काळी. ऑटो रिन्यूअल बंद, मुदत आदल्या दिवशीच संपलेली. मी फोन लावला.

"बरं झालं फोन केलास ताराचंद," गुरुजी म्हणाले. "मी साइट बंद केलीय."

"कशी केली जी?"

"तुम्ही मागे दाखवलं होतं ना, ते हिरवं बटण. त्यावर बोट ठेवलं. त्याने विचारलं, सेवा थांबेल, नक्की का? म्हटलं, थांबव बाबा. तरी परवा दिवसभर चालूच होती. काल थांबली एकदाची."

मग त्यांनी सांगितलं. पैठणला त्यांचे चुलत भाऊ वारले होते, अण्णा. घराला दहा दिवसांचं सूतक लागलं होतं. सूतकात पूजा नाही, संकल्प नाही, दक्षिणा घ्यायची नाही. मग साइट उघडी ठेवून यजमानांचं बुकिंग कसं घ्यायचं? माणूस घराबाहेर पाटी लावतो तशी त्यांनी साइट बंद केली होती. त्यांच्या हिशेबाने चूक काहीच नव्हती.

"गुरुजी," मी म्हटलं, "ते बटण दाराचं नव्हतं जी. भाड्याचं होतं."

मी खोलीची गोष्ट सांगितली, कुलूप आणि जाळणं. ते ऐकत राहिले.

"सूतक फिटलं की भरू. तोवर कुलूप राहू दे, मला तेच हवंय."

मी कंपनीची नोटीस पुन्हा वाचली. जाळायची तारीख सूतक फिटायच्या आदल्या दिवशीची होती. एक दिवस कमी पडत होता.

"आज भाडं भरू जी. साइट उघडणार नाही, वर 'बंद आहे' असं लिहून ठेवू. एकही बुकिंग येणार नाही, माझा शब्द."

"भाडं कशाचं? यजमानकृत्याचंच ना? मग नाही."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

शैलेशभाऊ म्हणाले, "त्यांनी स्वतः बटण दाबलंय, आपल्यावर काही येत नाही. सोड." मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "पण एक हाय, पंचवटीतले अर्धे क्लायंट गुरुजींच्या शब्दावर आलेत. ते गेले ना ताराचंद, तर रिन्यूअलला माणूस ठेवून मी काय त्याची पूजा करू?" ते हसले. मला हसू आलं नाही. माझ्या खोलीचं भाडं, गावाकडे आईचं औषध, सगळं याच खुर्चीवर चालतं.

मी कंपनीला लिहिलं. तिथे माणूस फोनवर येत नाही, चॅटवर टाइप करतो, तेही इंग्रजीत. माझं इंग्रजी म्हणजे दुसऱ्याची वाक्यं उचलून जोडायची. घरात मृत्यू झालाय, धर्माप्रमाणे दहा दिवस पैसे भरता येत नाहीत, फक्त एक दिवस वाढवून द्या, असं मी जमेल तसं लिहिलं. उत्तर लगेच आलं. तुमच्या दुःखात सहभागी आहोत, आणि खाली पैसे भरायची लिंक. पुन्हा विचारलं तर सांगितलं, तारीख हलत नाही, त्या दिवशी किती वाजता ते सांगता येत नाही, आणि भरायचं तर खातेदाराच्या लॉगिनमधूनच.

त्यात आणखी एक अडचण निघाली. लॉगिनला जो ओटीपी लागतो तो ईमेलवर येणार, आणि गुरुजींचा ईमेल त्याच साइटचा, म्हणजे त्याच कुलूपबंद खोलीतला. घराची किल्ली घरातच. दुसरा रस्ता एकच, गुरुजींच्या मोबाइलवरचा ओटीपी. तो दुसऱ्या कुणी वाचावा लागणार होता, कारण गुरुजी वाचणार नव्हते.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी मी पंचवटीत त्यांच्या घरी गेलो. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. दार उघडं होतं, मी जिन्यातच उभा राहिलो. गुरुजींची दाढी वाढलेली, अंगावर नुसतं उपरणं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "तुला पाणीसुद्धा विचारता येत नाही रे या दिवसांत."

"राहू द्या जी."

मी गुरुजींना त्या बाईंचं सांगितलं, शेजारी लिहिणाऱ्या. म्हटलं, उद्या हे सगळं गेलं तर कोण येणार, कोणत्या तिथीला, काही कळणार नाही. फोन नंबरही त्यातच आहेत, कळवायचं कुणाला? पितृपक्षात लोक सामान घेऊन घाटावर येतील आणि त्यांचं नावच कुठे नसेल.

गुरुजी उंबऱ्यापर्यंत आले. मग म्हणाले, "मला कळतंय. तू मला मूर्ख समजू नकोस."

"नाही जी."

"मी लहानपणी पोरका झालो. अण्णाने पैठणला नेलं. हातावर पाणी सोडायला त्याने शिकवलं मला, माझा हात धरून. आज मी जे खातो ते त्या पाण्यावर. त्याचं सूतक मी सोयीने पाळू? अर्धं पाळू, अर्धं कार्डाने भरू?"

मी चपला पायात घालायला वाकलो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला.

"लेकीला नाही की सूतक. लग्न झालेल्या लेकीला चुलत काकाची नुसती आंघोळ असते."

गुरुजी भिंतीकडे बघत म्हणाले, "ती आता या घरची नाही. परगोत्राची आहे. यजमानकृत्य तिच्या घरचं नाही."

काकू दारापर्यंत आल्या आणि प्रतिभाताईंचा नंबर तोंडी सांगितला, गुरुजींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

मी खाली उतरून लगेच लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"कोण?"

"ताराचंद बोलतो जी. गुरुजींच्या साइटचं रिन्यूअल बघतो."

"जी? विदर्भातले का? बोला, काय मोडलंय?"

मी सगळं सांगितलं. घाबरल्यावर मी फार भरभर बोलतो, त्यांनी दोनदा थांबवलं. शेवटी त्यांनी विचारलं, "नंबर आईने दिला? बाबांसमोर?"

"हो जी."

"आणि बाबा काय म्हणाले?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ती या घरची नाही, असंच ना?"

"हो जी."

"बरोबरच आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "उद्या रजा टाकते. पहिल्या गाडीने निघते. तुम्ही लॅपटॉप घेऊन नाशिकरोडला थांबा. आणि तोपर्यंत श्वास घेत जा जरा."

गाडी उशिरा आली. फलाटावर मी दर थोड्या वेळाने मोबाइलवर कंपनीचं पान उघडून बघत होतो, अजून आहे की गेलं. त्या उतरल्या, खांद्याला पर्स, हातात डबा, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "तुमचा चेहरा तर असा झालाय की सूतक तुम्हालाच आहे." रिक्षात त्यांनी मला नीट विचारून घेतलं, कोणता ओटीपी कुठे येणार, कार्ड कुणाचं चालेल. कार्ड त्यांचं स्वतःचं, म्हणाल्या. बाबांच्या घरातला एक पैसाही नको, नाहीतर यायचा उपयोग काय?

घरात पाऊल न टाकता त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

"कशाला आलीस?" गुरुजी म्हणाले.

"तुमचं भाडं भरायला."

"मी बोलावलं नव्हतं. हा तुझ्या घरचा व्यवहार नाही, प्रतिभा."

"नाहीच आहे बाबा. तुमच्या शास्त्रानेच मला बाहेर काढलंय. मग बाहेरच्या माणसाने भाडं भरलं तर तुमचा नेम कुठे मोडतो?"

गुरुजींचा चेहरा मला जिन्यातून दिसत होता. राग होता, पण नुसता राग नव्हता. त्या दोघांत मी उभं राहायला नको होतं असं मला वाटलं.

"ओटीपी तुमच्या फोनवर येईल," ताई म्हणाल्या. "द्या."

"मी देणार नाही."

असं म्हणून ते उठले. मोबाइल त्यांच्या हातातच होता. तो त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, गॅलरीत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

ताई आत गेल्या. मी जिन्यात पायरीवर लॅपटॉप उघडून बसलो होतो. ओटीपी आला, त्यांनी मोठ्याने वाचला, मी टाकला, खातं उघडलं. मला वाटलं, झालं. पण ताई म्हणाल्या, "थांबा. मी सूतकातल्या वस्तूला शिवले. आंघोळीशिवाय पैसे भरायचे नाहीत. नाहीतर बाबा म्हणतील, तेच झालं." समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दार उघडून हे सगळं ऐकलेलंच होतं. त्यांनी नुसतं बोट दाखवलं, बाथरूम तिकडे.

त्या ओल्या केसांनी परत आल्या आणि पडद्यावर बघितलं, तर खातं आपोआप बंद झालेलं. थोडा वेळ कुणी हात लावला नाही की ते सुरक्षेसाठी बंद होतं. म्हणजे पुन्हा ओटीपी, पुन्हा खिडकीतला फोन, पुन्हा शिवणं.

"म्हणजे हे असंच फिरत राहणार?" ताई म्हणाल्या.

"यावेळी मी माउस हलवत राहतो जी."

त्या परत आत गेल्या, परत नंबर वाचला, परत समोरच्यांकडे. समोरच्या बाई म्हणाल्या, "गिझर चालूच ठेवलाय हो. आणखी कितीदा?" आतून पाण्याचा आवाज येत होता आणि मी पायरीवर बसून माउस गोल गोल फिरवत होतो, या पानावरून त्या पानावर, कशावर चुकून क्लिक होऊ नये म्हणून श्वास रोखून. जिन्यातून वर जाणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, रिन्यूअल. ते म्हणाले, अच्छा, आणि गेले.

ताईंनी कार्डाचे आकडे टाकले. पडदा फिरत राहिला, फिरत राहिला, आणि लिहून आलं, पैसे नाकारले.

ओझरच्या काकांचं ते 'कुठेच नाही' कानात वाजायला लागलं. मग खालची ओळ वाचली, आणि पहिल्यांदाच त्या सकाळी मला काही येतं असं वाटलं. कंपनी परदेशातली. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद ठेवलेले असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. ताईंनी मोबाइल काढला. ॲपमध्ये त्या ते बटण शोधत होत्या, आणि माझा उजवा हात माउस हलवतच होता. बटण सापडलं. पुन्हा आकडे. पुन्हा ओटीपी, यावेळी त्यांच्याच फोनवर. पुन्हा पडदा फिरला.

भरले.

मी लगेच साइटच्या आत जाऊन यजमानांचं पान उघडलं. ते उघडायला वेळ लागला, एकेक नाव खालून वर आल्यासारखं आलं. इंदूर. सुरत. हैदराबाद. आणि मधेच, 'शेजारी'. मी ताईंना बोट लावून दाखवलं. त्यांनी वाचलं, पदराने केसांचं पाणी टिपल्यासारखं केलं, पण टिपलं डोळ्याचं.

"आता बंदची पाटी लावायची ना?" त्या म्हणाल्या. "सरका." आणि त्यांनी स्वतः टाइप केलं, घरात सूतक असल्याने अमुक दिवसापर्यंत बुकिंग घेतले जाणार नाही, आधी ज्यांनी कळवले आहे त्यांची नोंद सुरक्षित आहे, काळजी नसावी. कोणतं पान कुठे, मजकूर कुठे बदलतो, त्यांना सगळं पाठ होतं. मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत जी?

"माझंच आहे हे सगळं," त्या म्हणाल्या. "बाळंतपणाला इथे आले होते तेव्हा बाबांकडून एकेक विधी विचारून लिहून घेतला. कोणत्या तिथीला कुणाचं करतात, परगावच्याने काय आणायचं, सगळं. तुमच्या ऑफिसने नुसतं चढवलं."

साइटच्या तळाशी लेखन म्हणून गुरुजींच्या एका पुतण्याचं नाव आहे. यजमानकृत्य पुढे त्याच्याकडेच जाणार. मी ते नाव रोज बघत होतो, ते कुणाच्या जागी आहे हे मला त्या पायरीवर कळलं. ताईंनी त्याच्याबद्दल एक शब्द काढला नाही.

गॅलरीतून आवाज आला, "ताराचंद, झालं का?"

"झालं जी."

"नावं आहेत सगळी?"

"आहेत जी. ताईंनी भरलं."

काकू दारात आल्या. लेकीला हात लावता येत नव्हता, चहा देता येत नव्हता. नुसत्या बघत राहिल्या. ताई म्हणाल्या, "येते ग आई. दुपारची गाडी आहे," आणि जिना उतरायला लागल्या. आणलेला डबा त्यांनी समोरच्या बाईंना दिला, गिझरचे आभार म्हणून.

मी ऑफिसात पोचलो तेव्हा माझ्या मनात होतं की शैलेशभाऊ विचारणार, क्लायंटच्या घरच्या भांडणात तू कशाला पडलास? पण ताईंनी स्टेशनवरूनच त्यांना फोन केला होता. सांगितलं होतं, ताराचंदला मी बोलावलं, त्याला काही बोलायचं असेल तर आधी मला बोला. शैलेशभाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, "रेल्वेवाली बाई लय कडक हाय रे," आणि विषय संपवला. माझ्यासाठी आजवर या शहरात कुणी आधी जाऊन बोललं नव्हतं.

सूतक फिटलं. पितृपक्ष सुरू झाला. मी एकदा सकाळी घाटावर गेलो होतो. गुरुजी एकेकाला नावाने हाक मारून बसवत होते, गोत्र विचारावं लागत नव्हतं, सगळं त्यांच्या जवळ होतं. एक बाई एकटीच बसली होती, हातात दर्भ. ती तीच असेल का, मी विचारलं नाही. नंतर गुरुजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ते बटण चालू ठेव. मला परत दाखवू नकोस." मी म्हटलं, बरं जी. ते घुटमळले. मग विचारलं, "ती त्या दिवशी नीट पोचली होती ना मनमाडला?"

"तुम्ही विचारलं नाही का जी फोन करून?"

त्यांनी उपरणं सारखं केलं आणि पुढच्या यजमानाकडे वळले.

अजूनही ते मला विचारतात. दर वेळी मलाच. काकू सांगतात, बाप-लेकीत कामापुरतं बोलणं आहे. ताई या दिवाळीला आल्या नाहीत. त्यांनी हे बोलणं गमावलं ते माझी नोकरी आणि अनोळखी माणसांची नावं वाचवताना. मला फोन केला की त्या एवढंच विचारतात, श्वास घेताय ना?

साइटच्या तळाशी नाव बदलणं हे माझ्या हातचं काम आहे. साइटचा मजकूर बदलायचं लॉगिन माझ्याकडे आहे, चार अक्षरं पुसून चार घालायची. कुणाला कळणारही नाही. पण मी ते चोरून करणार नाही, कारण चोरून घातलेलं नाव ताईंना नको असेल. ते गुरुजींनी सांगायला हवं. म्हणून आता ते जेव्हा मला विचारतात की ती बरी आहे ना, तेव्हा मी उत्तर देत नाही. म्हणतो, नंबर लावून देऊ का जी? आजवर नाही म्हणालेत. मी विचारत राहणार. विचारत राहणं हेच माझं काम आहे, आणि ते मी वर्षानुवर्षं करत आलोय. ज्या दिवशी ते हो म्हणतील आणि लेकीचं नाव घाल म्हणतील, त्या दिवशी ते नाव मी त्यांच्यासमोर टाइप करीन, आणि लॅपटॉप घेऊन पहिल्या गाडीने मनमाडला जाईन. प्रतिभाताई, तेवढं मी फेडीन जी.